तक्रार करावी, ती अशी

आपल्याकडे एक गोष्ट नेहमी पाहायला मिळते. माणूस बाजारातून वस्तू आणतो. घरी येऊन उघडतो. वस्तू खराब निघते. मग तो कपाळाला हात लावतो. बायकोला सांगतो, शेजाऱ्याला सांगतो, संध्याकाळी पारावर बसलेल्या दहा जणांना सांगतो. ज्याने ती वस्तू विकली, त्याला मात्र सांगत नाही.

असे का होते? लोक भित्रे आहेत म्हणून? तसे आम्हाला वाटत नाही. पहाटे अंधारात जंगलात मोहफूल वेचायला जाणारी बाई भित्री कशी असेल? पण तीच बाई दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, की तिचा आवाज बारीक होतो. याला कारणे आहेत.

पहिले कारण उधारी. तेल, मिरची, खत, बियाणे, पुष्कळदा सारेच उधार येते. काही बोललो आणि उद्यापासून उधार बंद झाली तर? ही भीती खोटी नाही. तिच्याकडे डोळेझाक करून कोणी तुम्हाला "धीट व्हा" असे सांगत असेल, तर तो फुकटचा उपदेश होय. दुसरे कारण कागद. दुकानदाराला लिहिता-वाचता येते, आपल्याला येत नव्हते. तो जे सांगेल ते खरे मानायचे. हे दुसरे कारण आता उरलेले नाही. तुम्ही हा धडा वाचत आहात, म्हणजे थैलीवरची चिठ्ठीही वाचू शकता आणि दोन ओळींचा अर्जही लिहू शकता. तिसरे कारण म्हणजे नशीब. "आपल्याच नशिबी खराब थैली आली," असे म्हणून माणूस मोकळा होतो. पण थैली कारखान्यात भरली जाते, नशिबात भरली जात नाही. एक थैली खराब निघाली तर तिच्याबरोबर भरलेल्या इतर थैल्याही खराब असण्याचा संभव असतो. त्या शेजारच्या गावात गेलेल्या असतात.

पऱ्हे उगवले नाही तर

एक उदाहरण घेऊ. कुरखेडा, कोरची, आरमोरी हा सारा धानाचा मुलूख. ज्याच्याकडे ओलिताची सोय नाही, त्याला वर्षातून धानाचे एकच पीक. साबण खराब निघाला तर आठवडा वाया जातो. बियाणे खराब निघाले तर वर्ष वाया जाते. म्हणून बियाण्याचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो.

समजा, तुम्ही रोहिणी नक्षत्रात तालुक्याच्या दुकानातून धानाच्या बियाण्याची थैली आणली. मृगाचा पाऊस पडला. तुम्ही पऱ्हे टाकले. दहा दिवस झाले. शेजाऱ्याचे पऱ्हे हिरवेगार, आणि तुमच्या वाफ्यात इथे एक काडी, तिथे एक काडी. आता काय करायचे?

खरे म्हणजे काम थैली घेतानाच सुरू होते. प्रमाणित बियाण्याच्या थैलीला निळी चिठ्ठी असते. तिच्यावर पिकाचे नाव, वाणाचे नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख आणि बियाणे कोणत्या तारखेपर्यंत वापरावे ते छापलेले असते. धानाच्या बियाण्याची उगवण निदान ८० टक्के असावी, असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे शंभर दाण्यांपैकी ऐंशी दाणे उगवले पाहिजेत. चिठ्ठी वाचा. थैली वरून शिवलेली आहे का, टाके उसवून पुन्हा घातलेले आहेत का, ते पाहा. आणि पावती मागा.

पावती मागितली की काही दुकानदार म्हणतात, "उधारीच्या मालाला पावती कशाला?" ते चूक आहे. बियाण्याच्या विक्रीसंबंधी १९८३ सालचा सरकारी आदेश आहे. माल रोखीने दिलेला असो की उधारीने, विक्रेत्याने गिऱ्हाइकाला पावती दिली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या. नसेल तर तिथल्या तिथे सांगा, "शेटजी, एवढा नंबर टाकून द्या जी." हे सांगायला राग लागत नाही. पैसेही लागत नाहीत.

पेरण्याच्या आधी घरीच बियाणे पारखता येते. थैलीतले दाणे न निवडता शंभर मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा. गोणपाटाची गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उघडून मोजा. ऐंशीच्या आसपास मोड आले असतील तर बियाणे चांगले. पन्नासच आले असतील तर पेरू नका. थैली घेऊन दुकानात जा. या वेळी गेलात तर भांडण होतच नाही, कारण अजून कोणाचेच नुकसान झालेले नसते. हे काम पोरासोरांनाही जमते. घरातल्या शाळकरी मुलीला दाणे मोजायला बसवा.

थैली फोडताना ती खालच्या बाजूने फोडा. वरची शिवण आणि चिठ्ठी तशीच राहू द्या. मूठभर बियाणे त्याच थैलीत ठेवून द्या. सारे पेरून टाकले असेल तरी हातपाय गाळू नका. त्याविषयी पुढे सांगू.

दुकानात बोलावे कसे

आता पऱ्हे उगवले नाही, आणि तुम्ही दुकानात जात आहात. दोन तऱ्हांनी जाता येते.

एक तऱ्हा अशी. माणूस तावातावाने जातो. दुकानात चार गिऱ्हाइके उभी आहेत. तो ओरडतो, "काय गा, फसवलं ना आमाले! चोर आहेस तू!" दुकानदारही माणूसच. चार लोकांसमोर कोणी चोर म्हटले तर तो काय करील? तो म्हणतो, "चोर कोनाले म्हणतेस? पह्यले उधारी आन, मंग बोल!" झाले. बियाण्याची गोष्ट बाजूला राहिली आणि उधारीची सुरू झाली. दुकानदार जिंकला. आणि तुम्हीच त्याला जिंकून दिले.

दुसरी तऱ्हा पाहा. माणूस सकाळी, दुकानात गर्दी नसताना जातो. बरोबर शेजारचे एक-दोन शहाणे लोक आहेत.

"राम राम, शेटजी."

"राम राम. या जी, बसा."

"शेटजी, रोहिनीत तुमच्याकडून धानाची थैली नेली होती. हे पावती. दहा दिस झाले, पानी बी बरा पडला. पन पऱ्हे उगवलंच नाई. शेजाऱ्यानं दुसऱ्या दुकानातलं टाकलं, त्याचं उगवलं."

"खाली टाकलं असंल. नाईतर पाखरानं खाल्लं असंल."

"तसं बी असू शकते, शेटजी. म्हनूनच म्हनतो, तुमी एकदा बांधीवर येऊन पाहून घ्या. कंपनीच्या मानसाले बी बोलवा. मी शेतकी हापिसात अर्ज देऊन रायलो. तुमाले आधी सांगावं म्हनून आलो."

यात शिवी नाही, धमकी नाही. पण एक शब्दही वाया गेलेला नाही. केव्हा घेतले, काय घेतले, काय झाले, आता काय पाहिजे, हे सारे सांगून झाले. दुकानदाराला वळायला जागाही ठेवली. तो आता गिऱ्हाइकांसमोर मान खाली न घालता म्हणू शकतो, "बरं, मी कंपनीले फोन करतो." आणि अर्ज देणार आहे, हेही त्याला कळले. गोड बोलायचे, पण अर्ज सोडायचा नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बियाणे दुकानदाराने बनवलेले नाही. तोही ते कंपनीकडून आणतो. तुमच्या तोंडून त्याला लवकर कळले, तर उरलेल्या थैल्या तो बाजूला काढू शकतो आणि कंपनीकडे भरपाई मागू शकतो. तुम्ही गप्प बसलात, तर त्याला वाटते माल चांगला आहे, आणि तो पुढच्या वर्षी तोच माल आणतो. तुम्ही मात्र मनात राग धरून दुसऱ्या दुकानात जाता. यात दुकानदाराचेही नुकसानच आहे. चांगल्या दुकानदाराला हे समजते. ज्याला समजत नाही, त्याच्यासाठी पुढचा मार्ग आहेच.

बरोबर किती माणसे न्यावीत? दोन-तीन पुरेत. बचत गटातली एखादी बोलकी बाई असली तर उत्तम. वीस माणसे गेली की ती तक्रार राहत नाही, मोर्चा होतो. मोर्चाचीही वेळ येते, ती आम्ही नाकारत नाही. १९७२ साली महागाई फार वाढली, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारपणाखाली हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पण एका थैलीच्या तक्रारीला लाटणे लागत नाही.

मोडक्या भाषेतला अर्ज

तोंडी बोलून काम झाले तर छानच. नाही झाले तर लिहायचे. आता पुष्कळ जण म्हणतील, "आम्ही नुकतेच लिहायला शिकलो. आमचे अक्षर वाकडे. साहेब हसतील."

यावर आम्ही एका जुन्या पत्राची गोष्ट सांगतो. १९०९ साल. बंगालमधले एक प्रवासी, ओखिलचंद्र सेन, आगगाडीने जात होते. तेव्हा खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकूप नसे. ओखिलबाबूंनी फणस खाल्ला होता. पोट बिघडले. एका स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा ते लोटा घेऊन उतरले. इतक्यात गार्डाने शिट्टी दिली. ओखिलबाबू एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर धरून धावले, आणि फलाटावर सर्व बायामाणसांदेखत पडले. गाडी निघून गेली.

दुसरा कोणी असता तर लाजेने गप्प बसला असता. ओखिलबाबूंनी साहेबगंजच्या रेल्वे कचेरीला पत्र लिहिले. इंग्रजीत लिहिले, आणि ते इंग्रजी जागोजागी मोडके होते. पण काय घडले ते त्यात सरळ सांगितले होते. गार्डाला दंड करा, असे मागितले होते. नाहीतर वर्तमानपत्रात लिहीन, असेही म्हटले होते. खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकूप आले ते या पत्रामुळे, असे सांगतात. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवले आहे. ज्या साहेबांनी ते वाचून हसून घेतले असेल, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

तेव्हा अक्षर वाकडे असले तरी चालेल. ज्यांची घरची बोली गोंडी आहे, त्यांचे मराठी थोडे अडखळले तरीही चालेल. अर्जात पाच गोष्टी मात्र असाव्यात. मी कोण, काय घेतले, केव्हा घेतले, काय बिघडले, काय पाहिजे. बियाण्याचा अर्ज असा लिहावा:

"मा. तालुका कृषी अधिकारी, कुरखेडा, यांस. मी, (नाव), राहणार (गाव), तालुका कुरखेडा, अर्ज करतो की, मी (तारीख) रोजी (दुकानाचे नाव) यांच्याकडून धानाचे बियाणे, वाण (नाव), लॉट नंबर (नंबर), (किती) थैल्या विकत घेतले. (तारीख) रोजी गट क्रमांक (नंबर) मध्ये पऱ्हे टाकले. आज (किती) दिवस झाले. बियाणे फार थोडे उगवले आहे. तरी कृपा करून शेताची पाहणी करावी, पंचनामा करावा आणि अहवालाची प्रत मला द्यावी, ही विनंती. सोबत पावती व चिठ्ठीची झेरॉक्स जोडली आहे. तारीख. सही."

एवढेच. "मी गरीब आहे, माझी पाच लेकरे आहेत, आपण मायबाप आहात," हे लिहू नये. ते खरे असेल, पण त्याने अर्ज लांबतो आणि कामाची गोष्ट शेवटी जाते. दुकानदाराला वाईट शब्द लिहू नयेत. नुकसान वाढवूनही सांगू नये. शंभरातले तीस उगवले असतील तर तीस लिहावे. "काहीच उगवले नाही" असे लिहिले, आणि पाहणीला आलेल्या साहेबांना तीस रोपे दिसली, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्यांचा विश्वास बसत नाही.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरीत द्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच न घेता परत येऊ नका. "साहेब बाहेर गेले, ठेवून जा," असे कोणी म्हणाले, तर "आवक खिडकीवर शिक्का मारून द्या जी, मी थांबतो," असे म्हणा आणि खरोखर थांबा.

पंचनामा होईपर्यंत

अशा तक्रारीसाठी तालुका पातळीवर समिती असते. ती शेतावर येते, पाहणी करते, पंचनामा लिहिते. मूळ बियाणे, चिठ्ठी, पावती पाहते. त्या वेळी तुम्ही हजर राहा. लिहिलेला पंचनामा सही करण्याआधी वाचा. न वाचता अंगठा देण्याचे दिवस गेले. तुमचे म्हणणे त्यात आलेले नसेल तर तसे सांगा आणि लिहून घ्या.

पण इथे एक मोठी अडचण आहे. रोवणीचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत. समिती येईपर्यंत वाट पाहावी तर हंगाम जातो. वाफा मोडून दुसरे पऱ्हे टाकावे तर पुरावा जातो. यावर आमचा सल्ला असा. सारा वाफा मोडू नका. एका कोपऱ्यातला तुकडा तसाच ठेवा, त्याला काठ्या रोवून खूण करा. मोडण्याआधी दोन शेजाऱ्यांना दाखवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग बाकीच्या जागेत दुसरे पऱ्हे टाका. अर्जातही तसे लिहा.

तुमच्या अर्जाने आणखी एक काम होते. १९६६ सालच्या बियाणे कायद्याप्रमाणे बियाणे निरीक्षक दुकानातल्या मालाचे नमुने घेऊ शकतो. संशय असलेल्या मालाची विक्री ३० दिवसांपर्यंत थांबवण्याचा लेखी हुकूमही देऊ शकतो. म्हणजे ज्यांनी अजून पऱ्हे टाकले नाही, त्या शेतकऱ्यांची थैली वाचते. तुम्हाला ते लोक माहीतही नसतात.

आता सारे बियाणे पेरून टाकले, नमुना ठेवला नाही, त्याचे काय? कंपन्या पूर्वी हेच म्हणत. बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही, मग ते खराब होते कशावरून? आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांचे असे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. समोर राष्ट्रीय बीज महामंडळ होते. जानेवारी २०१२ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे. त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते. आणि शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवावे, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही, कारण शेतकरी बियाणे आणतो ते पेरण्यासाठी. बियाण्याचे नमुने तर कंपनीजवळही असतात. एखाद्या साध्या शेतकऱ्याला जे पटते, ते इतक्या वर जाऊन लिहिले गेले, ही मोठी गोष्ट झाली. तरीही तुम्ही मूठभर बियाणे ठेवाच. त्याने काम लवकर होते.

काटा आणि माप

बियाणे आपण विकत घेतो. मोहफूल, धान, हिरडा आपण विकतो. विकतानाही फसगत होते. आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावर माल जातो, आणि घरी पंधरा किलो भरलेले तिथे तेरा भरते.

१ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्या देशात किलोग्रॅमची मापे सुरू झाली. त्याआधी शेर, पायली, मण यांचे माप मुलखामुलखात वेगळे असे. आता धान्य वजनावरच विकले-घेतले पाहिजे. घरात पायलीने मोजायला काही हरकत नाही. पण व्यापारी पायलीने माल घेऊ लागला, तर त्याला काट्यावर घ्यायला सांगा. व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी सरकारी निरीक्षकाकडून तपासून, त्याच्यावर मुद्रा करून घ्यावी लागते. तपासणीचे प्रमाणपत्र दिसेल असे लावावे लागते. हे खाते वैधमापन शास्त्राचे. कायदा २००९ सालचा.

आपण काय करावे? एक किलो मिठाचा बंद पुडा पिशवीत न्यावा. माल घालण्याआधी म्हणावे, "भाऊ, काटा शून्यावर आना जी. आन हा पुडा जरा ठेवून पाहा." पुड्याचे प्लास्टिक धरून तो एक किलोहून किंचित जास्तच भरला पाहिजे. ९०० ग्रॅम दाखवू लागला, तर काटा बोलला. तुम्हाला काही बोलावे लागत नाही. शक्यतो माल त्या काट्यावर घालू नका. त्या दिवशी दुसरा व्यापारी नसेल आणि माल घालावाच लागला, तर तारीख, व्यापाऱ्याचे नाव आणि किती फरक पडला हे वहीत लिहा, आणि वैधमापन निरीक्षकाकडे अर्ज करा.

वर कुठे जायचे

ग्राहकाचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हा विचार फार जुना नाही. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तिथल्या संसदेला ग्राहकांचे चार हक्क सांगितले. त्यांत एक हक्क होता, आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा. आपल्याकडे १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांना मार्ग दाखवणारी संस्था काढली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. आता त्याच्या जागी २०१९ सालचा कायदा आहे. तो जुलै २०२० पासून लागू आहे.

दुकानदाराने ऐकले नाही, कंपनीने उत्तर दिले नाही, तर १९१५ या नंबरवर फोन करता येतो. ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. फोनवर तक्रार नोंदवून घेतात आणि कंपनीकडे पाठवतात. बऱ्याच गोष्टी एवढ्यावर मिटतात.

नाही मिटले तर गडचिरोलीला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे वकील लावलाच पाहिजे असे नाही. तुम्ही दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी पडत नाही. पूर्वीच्या कायद्यात, समोरचा ज्या जिल्ह्यात असेल किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल, तिथे जावे लागे. आता तक्रार करणारा जिथे राहतो, तिथल्या आयोगात तक्रार देता येते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला, त्यामुळे चंद्रपूरलाही जावे लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त दिवस लागतात. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच कंटाळून कोणी परत फिरणार नाही. आयोगासमोर तुमची पोच, तुमची पावती, तुमचे नम्र पत्र, हे सारे कामी येते. शिव्या दिलेल्या असतील तर त्याही तिथे वाचून दाखवल्या जातात, समोरच्याच्या वकिलाकडून.

रेशनच्या तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. रेशनचे धान्य १ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळते. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. अंगठा लावल्यावर मशीनमधून पावती निघते. ती मागून घ्या आणि तिच्यावरचा आकडा वाचा. पिशवीतले धान्य आणि पावतीवरचा आकडा जुळत नसेल, तर आधी दुकानदाराला शांतपणे दाखवा. मग गावच्या दक्षता समितीला सांगा, तहसील कचेरीत पुरवठा निरीक्षकाकडे अर्ज द्या, किंवा १९६७ वर फोन करा. "फुकटचे आहे, त्यात काय बोलायचे?" असे काही जण म्हणतात. फुकट असले तरी ते तुमच्या नावावर आलेले आहे.

दाखले वेळेवर मिळत नसतील तर २०१५ सालचा लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, याचा तक्ता कचेरीत लावलेला असतो. अर्ज दिला की पोच घ्या. मुदत उलटली तर ३० दिवसांत त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे दंडाचे कलम कारकुनाच्या तोंडावर फेकायचे नाही. "भाऊ, तक्त्यावर इतके दिवस लिहिले आहेत, आज इतके झाले," एवढे म्हटले तरी त्याला ते कलम आठवते.

वहीत लिहा

घरातले एखादे पाकीट घ्या. चहाचे, साबणाचे, बियाण्याचे, कोणतेही. त्यावर पुढील गोष्टी शोधा आणि वहीत उतरवा: वस्तूचे वजन, जास्तीत जास्त किंमत, कोणत्या महिन्यात बनवली, बनवणाऱ्याचे नाव आणि गाव, तक्रारीसाठी दिलेला पत्ता किंवा फोन.

मग वर दिलेला अर्ज स्वतःचे नाव आणि गाव घालून पुन्हा लिहा. शेजारच्याला वाचायला द्या. काय घेतले, केव्हा घेतले, काय बिघडले आणि काय पाहिजे, हे त्याला एकदा वाचून सांगता आले, तर अर्ज बरोबर आहे.

पावत्या ठेवायला एक पिशवी करा. सातबारा ज्या पेटीत ठेवता, त्याच पेटीत ती ठेवा. उंदीर लागणार नाहीत अशा जागी.